अकरा घोड्यांच्या फळ्या

स्केलबेक हवेलीची पागा बांधणाऱ्याने घोड्यांचा जेवढा विचार केला तेवढा माणसांचा केला नाही, हे एनिड गार्बटचं ठाम मत होतं, आणि कुणी विचारो न विचारो, ती ते ऐकवायची. खाली बघा, म्हणायची. विटांच्या कमानींचं छत, अठरा फूट उंच. का, तर घोड्यांचा श्वास कोंडू नये. खांबांच्या कडा घासून गोल केलेल्या. का, तर घोड्याची कातडी खरचटू नये. फरशीला उतार इतका बेताचा, की मूत आपसूक पन्हळीत जावं आणि उभ्या घोड्याला उतार कळूही नये. आता वर चला. जिना असा, की उतरताना शिडीवरून उतरतात तसं पाठमोरं उतरायचं. छत असं, की तिच्या नवऱ्याला, अमॉसला, सगळ्या घरात दोनच ठिकाणी ताठ उभं राहता येतं.

आणि खिडक्यांची तर गोष्टच काढू नका. हवेलीच्या बाजूने पागा बघितली तर मधे मोठी कमान, वर घड्याळाचा मनोरा, आणि कमानीच्या दोन्ही अंगांना वरच्या मजल्यावर चार-चार खिडक्या, अगदी मापात. लोक लांबून बघूनच वा वा करायचे. त्या आठही खिडक्या खोट्या. दगडाची चौकट, आत काळा रंग फासलेला दगड, त्यावर पांढऱ्या रेघा ओढून काढलेल्या काचा. साहेबलोकांना जेवणाच्या टेबलावरून घोडे राखणाऱ्या मोतद्दारांची वाळत घातलेली बनियनं दिसू नयेत म्हणून केलेली ही कारागिरी. एनिड एका खोट्या खिडकीमागे एकोणचाळीस वर्षं झोपली. बाहेरून खिडकी, आतून भिंत.

तरी घर तिचं होतं. ती नावं ठेवायची ते हक्काने ठेवायची, दुसऱ्याने ठेवलेली तिला खपत नसत. १९३४ साली हवेलीतल्या धुलाईघरातून ती लग्न होऊन इथे आली, तेव्हा खाली सहा शिकारी घोडे होते आणि गवत टाकायच्या झरोक्यांतून त्यांची ऊब वर यायची. हिवाळ्यात गावात पाणी गोठून लोकांच्या घागरी फुटायच्या आणि एनिड अनवाणी चालायची. त्या खोलीत तिची दोन पोरं जन्मली. लॉरेन्स कॅनडात गेला तो गेलाच. मार्जरी पाच वर्षांची होऊन त्याच खोलीत घटसर्पाने गेली, तिची खाट होती त्या कोपऱ्यात एनिडने नंतर कधी कपाटसुद्धा ठेवलं नाही. मरायचं तर इथेच, असं तिने ठरवून टाकलं होतं, आणि त्यात काही फार मागितलं असंही तिला वाटत नव्हतं.

मग हवेलीचे मालक, कर्नलसाहेब, वारले. मूलबाळ नाही. पुतण्याला त्या दगडांशी काही देणंघेणं नव्हतं, त्याने हवेली, बाग, पागा सगळं जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या एका संस्थेच्या गळ्यात मारलं आणि स्पेनला जाऊन राहिला. 'अमॉस, तुम्ही दोघं मरेपर्यंत इथेच राहायचं,' असं कर्नलसाहेब शंभरदा म्हणाले होते. शंभरदा तोंडी. कागदावर एकदाही नाही.

संस्थेचे मिस्टर ऑल्डरसन भेटायला आले ते टोपी हातात घेऊन, अगदी मर्यादेने. जिन्यावर डोकं आपटलं तरी काही बोलले नाहीत. चहा घेतला, केक घेतला आणि मग सांगितलं.

"आमचा नियम साधा आहे, मिसेस गार्बट. जे मूळचं ते राहील. नंतर कुणी जोडलेलं असेल ते काढायचं आणि इमारत १७६८ साली होती तशी करायची. या खोल्या मूळच्या मोतद्दारांच्या असतील तर त्यांना हात लागणार नाही. आणि राखणदार म्हणून तुम्हा दोघांसारखी माणसं आम्हाला कुठे मिळणार?"

"आणि मूळच्या नसतील तर?" एनिडने विचारलं.

"ते आमच्या वास्तुतज्ज्ञ मिस डॅलिमोर ठरवतील. त्या पुढच्या आठवड्यात तीन दिवस येतील. त्यांच्या अहवालाबाहेर आम्ही जात नाही."

ते गेल्यावर एनिडने कपबशा गोळा केल्या, बशीतला चुरा बोटाने टिपून खाल्ला आणि नवऱ्यासमोर बसली. कारण खोल्या मूळच्या नव्हत्या. ते जगात फक्त दोघांना माहीत होतं, आणि दोघंही त्या टेबलाशी बसलेले होते.

खोल्या अमॉसच्या बापाने बांधल्या होत्या. जेबेझ गार्बट, त्या वेळचा मुख्य मोतद्दार. १९१४च्या ऑगस्टमध्ये सैन्याची माणसं आली आणि डाव्या बाजूच्या, फळ्या लावून केलेल्या अकरा ठाणांमधले अकरा घोडे दोरीला बांधून फ्रान्सला घेऊन गेली. एकही परत आला नाही. ठाणं सात वर्षं रिकामी राहिली, मग मोटारी ठेवायला जागा हवी म्हणून ती मोडा, असा हुकूम सुटला. जेबेझने मोडली, पण फळ्या जळणात जाऊ दिल्या नाहीत. खांद्यावरून एकेक फळी वर नेली आणि उजव्या बाजूच्या गवताच्या माळ्यावर तीन खोल्या उभ्या केल्या. सुताराचा पोर होता तो. दोन फळ्यांच्या सांध्यात नख जाणार नाही असं काम.

"तू तोंड उघडायचं नाहीस," एनिड म्हणाली.

"मी कुठे काय म्हणतोय?"

"अजून म्हणाला नाहीस. म्हणशील. ती बाई विचारेल आणि तुझ्या जिभेला खाज सुटेल. मी ओळखून आहे तुला."

अमॉसने पाइप ठोकून रिकामा केला. अडुसष्ट वर्षांचा गडी, अजून पाठ ताठ, चालताना पाय जरा फाकलेले. "एनिड, आपल्याकडे हे कधी झालं नाही गं. डॉन्कास्टरच्या बाजारात लोक म्हाताऱ्या घोड्याचे दात कानशीने घासून, खड्डे पाडून, काळे करून तरणा म्हणून विकायचे. बाबाने कधी केलं नाही. मी केलं नाही. टेड सकलिंगने एकदाच केलं, तर मी त्याला त्याच दिवशी हाकलला, माहिते ना? स्केलबेकच्या मोतद्दाराने वय सांगितलं की समोरचा घोड्याचं तोंड उघडून बघायचा नाही. असं नाव होतं."

"हे घोडं नाही. भिंत आहे."

"वय ते वय."

"अरे, तुला कोण खोटं बोल म्हणतंय? गप्प बस म्हणतेय. गप्प बसायला काय पडतं? एकोणचाळीस वर्षं माझ्यापुढे गप्पच बसलास ना, तसाच आणखी तीन दिवस बस."

यावर अमॉस हसला. बसेन म्हणाला. म्हणजे 'बसेन' असा शब्द काढला नाही, पण मान हलवली, आणि एनिडने ते वचन धरलं. तिथेच ती फसली. या माणसाची मान घोड्याच्या बाबतीत वेगळी हलते आणि बायकोच्या बाबतीत वेगळी, हे तिला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

मिस डॅलिमोर आल्या. तिशीच्या आतबाहेर, पँट घातलेली, केस बांधलेले, बोटं खडूने पांढरी. एनिडला ती आवडू नये असं फार वाटत होतं, पण आवडली. पोरीला कामाची हौस होती. फरशीवर पालथी पडून पन्हळीचा उतार मोजायची, खांबाच्या गोल कडेवरून हात फिरवायची, मनोऱ्यात चढून कबुतरांच्या घाणीने माखून खाली यायची आणि तशीच चहा प्यायची. पहिल्या दिवशी एनिडने अमॉसला बहिणीकडे मॉल्टनला धाडलं. दुसऱ्या दिवशी बागेतले बटाटे खणायला बसवलं. आणि वरच्या खोल्या तिने स्वतः दाखवल्या.

"माझी सासू म्हणायची, पहिल्यापासूनच आहेत," ती म्हणाली. सासू असं काही कधी म्हणाली नव्हती. ती बिचारी मेली तेव्हा एनिड बारा वर्षांची होती. पण मेलेल्या सासवांचा तेवढा तरी उपयोग व्हावा.

मिस डॅलिमोरने फळ्यांवर बोट फिरवलं. "वाटतंच होतं मला. ओक आहे, जुना. खिळा एक नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. अशी जोडणी पुढच्या शतकात कुणी करत नव्हतं. मिसेस गार्बट, मूळच्या नकाशात माणसांना जागाच नाही. घोडे एकोणतीस आणि मोतद्दार चौदा, पण झोपायचे कुठे याचा पत्ता नाही. मी समजत होते, पेंढ्यात झोपत असतील घोड्यांच्या मागे. या खोल्या म्हणजे मला लॉटरी लागलीये."

"पेंढ्यातच ना," एनिड म्हणाली, "माणसांना काय, कुठेही टाकलं की झोपतात." पण आतून तिचा जीव भांड्यात पडला. त्या संध्याकाळी तिने कणकेच्या पारीत मटण भरून भाजलं आणि अमॉसला वरचा, खरपूस तुकडा दिला. तिने मनाशी पडद्यांचं कापडसुद्धा ठरवलं. खिडकी एकच होती, अंगणाकडची, पण तिला नवे पडदे लावायचे म्हणून ठरवलं.

तिसऱ्या दिवशी फक्त मोजमापं राहिली होती. मिस डॅलिमोरने विचारलं, मिस्टर गार्बट आहेत का, फीत धरायला दुसरं माणूस हवंय. नाही कसं म्हणणार? अमॉस आला, फीत धरली, गप्प राहिला. पाऊण तास गप्प. एनिड चुलीपाशी उभी राहून कान देऊन होती आणि मनात म्हणत होती, शाबास.

मग ती पोरगी झोपायच्या खोलीत, खाटेच्या डोक्याशी थांबली. तिथल्या फळीची कड खाल्लेली होती, उभ्या रांगेत खोल खोल खाचा, वरून काळवंडून गुळगुळीत झालेल्या.

"हे मात्र वाईट," मिस डॅलिमोर म्हणाली. "कुणीतरी मोतद्दाराने बसल्या बसल्या चाकूने कोरलेलं दिसतंय. कंटाळला असेल बिचारा. आळशी काम, नाही?"

एनिडने चुलीवरून मान वळवून उघड्या दारातून नवऱ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा तिने ओळखला. कुणी घोड्याला उगीच चाबूक मारला की असा व्हायचा.

"चाकू नाही तो," अमॉस म्हणाला.

"अमॉस, चहा घेतोस?" एनिड म्हणाली.

"चाकू नाही, बाई. दात आहेत. सुलतानचे. काळा घोडा होता, सतरा मुठी उंच, लाकूड चावायची खोड होती त्याला. तिसऱ्या ठाणातला. माझ्या बाबाने फळीला डांबर लावलं, मिरी लावली, काही उपयोग नाही. आठ वर्षं चावत होता. आळशी कसला, बाई. सैन्यवाले घेऊन जायला आले तेव्हाही तोंडात हीच फळी होती. मी नऊ वर्षांचा होतो. मी बघितलंय."

मिस डॅलिमोरच्या हातातली पेन्सिल थांबली. "पण मिस्टर गार्बट, घोड्याची फळी वर कशी आली?"

आणि मग त्याने सांगितलं. काय राहिलं होतं सांगायचं? सगळं सांगितलं. एकोणचाळीस वर्षं बायकोशी जेवढा बोलला नव्हता तेवढा त्या एका सकाळी त्या पोरीशी बोलला. बाबाने फळ्या कशा वाचवल्या, कुठली कुठे लावली, खुंट्या कशाच्या केल्या. "तुम्हाला वाटलं ना, दोनशे वर्षांपूर्वीचं काम आहे?" असं दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा बापाचं कौतुक झाल्यासारखा छाती पुढे काढून हसला. मिस डॅलिमोरचे डोळे भरून आले. खरे भरून आले, एनिडने पाहिलं, त्यात नाटक नव्हतं. तिने विचारलं, कुठली फळी कुठल्या घोड्याची हे तुम्हाला आठवतं? आठवतं म्हणजे काय, अमॉस म्हणाला. तिने खडू पुढे केला.

त्याने खडू घेतला आणि घरभर फिरला. सुलतान, तीन. डचेस, चार. बार्नबी, सात. म्हातारी फिलिस, अकरा. झोपायच्या खोलीत, स्वयंपाकघरात, मार्जरीच्या कोपऱ्यात, प्रत्येक फळीवर नाव आणि ठाणाचा आकडा, मोठ्या गोल अक्षरांत, शाळेत शिकवलं होतं तशा. मागून मिस डॅलिमोर फोटो काढत होती. एनिडच्या हातात किटली होती ती तिने खाली ठेवली नाही, त्यामुळे मनगट दुखून आलं. बोलायचं तरी काय? त्या बाईसमोर 'नवरा खोटं बोलतोय' म्हणून सांगायचं?

जाताना मिस डॅलिमोरने अमॉसचे दोन्ही हात धरले. "असं कुणी मला कधी सांगितलं नव्हतं," म्हणाली.

"आता?" ती गेल्यावर एनिडने विचारलं.

"तिला पटलं की गं. पाहिलंस ना, रडली ती. ती नाही काढायला लावायची."

"रडणारी माणसं काय काय करतात ते मला ठाऊक आहे," एनिड म्हणाली. "कर्नलसाहेबसुद्धा शिकारीत मारलेल्या प्रत्येक कोल्ह्यावर हळहळायचे."

सहा आठवड्यांनी अहवाल आला, जाड, बांधलेला, नकाशांसकट. अमॉसने चष्मा लावून तो स्वयंपाकघरात मोठ्याने वाचला. एका पानावर थांबला आणि ते बायकोसमोर धरलं. "हे बघ. बाबाचं नाव छापलंय. 'जेबेझ गार्बट, मुख्य मोतद्दार, यांनी १९२१ मध्ये असामान्य कौशल्याने.' छापलंय बघ, एनिड."

"पुढे वाच."

पुढे लिहिलं होतं की वरच्या मजल्यावरच्या तिन्ही खोल्या विसाव्या शतकातल्या असून मूळ रचनेचा भाग नाहीत. त्या उतरवाव्यात. मात्र त्यातलं लाकूड अस्सल १७६८चं असल्याने आणि प्रत्येक फळीची मूळ जागा श्री. अमॉस गार्बट यांच्या अमूल्य सहकार्याने निश्चित करता आल्याने, डाव्या बाजूची अकरा ठाणं पुन्हा होती तशी उभारणं आता शक्य झालं आहे. अशी संधी क्वचितच मिळते, असंही लिहिलं होतं.

अमॉसने ते वाक्य दोनदा वाचलं. मग चष्मा काढला आणि पुसत बसला. एनिडला त्याची कीव यायला हवी होती. नाही आली. खडूने स्वतःच्या घराचे तुकडे आकडे घालून लावून दिले या माणसाने, अगदी सुताराला कोडं पडू नये म्हणून, आणि आता चष्मा पुसतोय.

"एकदा," ती म्हणाली. "आयुष्यात एकदा माझ्यासाठी तोंड बंद ठेवलं असतंस."

"ती म्हणाली आळशी काम. बाबाचं..."

"तुझा बाबा मेला. घोडे मेले. मी जिवंत आहे. मला कुठे ठेवणारेस?"

"खोटं मला जमत नाही, एनिड. तुला ठाऊक आहे ना? कधी जमलंच नाही."

ठाऊक होतं. रागावण्याची सोयसुद्धा त्याने ठेवली नाही. चोर असता, बाईलवेडा असता, तर चार शिव्या घालून मोकळी झाली असती. खरं बोलणाऱ्या माणसाला शिव्या कशा घालायच्या, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

फळ्या उतरवायला चार सुतार आले, दीड दिवसात काम उरकलं. खुंट्या ठोकून काढल्या की फळ्या अलगद सुटत होत्या. मोडली एकही नाही. "काय काम आहे, मिस्टर गार्बट," त्यांचा मुकादम म्हणाला, "अगदी सुटं करायला म्हणूनच केल्यासारखं." एनिड अंगणात खुर्चीवर बसून बघत होती. मार्जरीच्या कोपऱ्यातली फळी खाली आली तेव्हा तिने तिच्यावरचं नाव वाचलं. डचेस, चार.

संस्थेने त्यांना वाऱ्यावर सोडलं असं कुणी म्हणू नये. मिस्टर ऑल्डरसननी खटपट करून गावाच्या टोकाला एक नवं बैठं घर मिळवून दिलं. गरम पाण्याचा नळ, घरात संडास, चारी बाजूंना खऱ्याखुऱ्या खिडक्या. गावातल्या बायका म्हणायच्या, नशीब काढलंस गं एनिड, त्या कोंबड्यांच्या खुराड्यातून सुटलीस, तूच नाही का नावं ठेवायचीस? ती हो म्हणायची. फरशी बर्फासारखी होती. रात्रंदिवस मोजे घालूनही तिचे पाय गरम होईनात.

अमॉसचं मात्र बरं चाललं होतं. संस्थेने पागा लोकांना खुली केली आणि मिस डॅलिमोर स्वतः त्याला विचारायला आली, रविवारी येऊन लोकांना माहिती सांगाल का? तुमच्यासारखं कोण सांगणार? तपकिरी जाकीट दिलं, छातीवर बिल्ला दिला, एका कार्डावर टाइप केलेले मुद्दे दिले. रविवारी जेवण झालं की तो बूट चकाकवून निघायचा. परतायचा तेव्हा चेहरा तरुण दिसायचा. आज सत्तर लोक होते. आज एका बाईने सुलतानच्या दातांच्या खाचांत बोट घालून बघितलं. एनिड ऐकून घ्यायची. 'तू पण ये की एकदा' असं तो म्हणायचा. ती नाही म्हणायची.

मे महिन्यात एका रविवारी ती गेली. त्याला सांगितलं नाही. का गेली हे तिलाही सांगता आलं नसतं. खाली काय केलंय ते बघायचं नव्हतं तिला, वर काय उरलंय ते बघायचं होतं. बसने गेली, फाटकाशी तिकीट घेतलं, डोक्याला रुमाल बांधला आणि वीस-पंचवीस लोकांच्या घोळक्यात मागे उभी राहिली.

ठाणं सुरेख झाली होती, हे तिला कबूल करावं लागलं. अकरा ठाणं, प्रत्येकावर पितळी पट्टी, पट्टीवर नाव. आत ताजा पेंढा, पिवळाधमक. घोडा एकही नाही. अमॉस मधे उभा होता, ताठ, आणि अठरा फूट छताखाली त्याचा आवाज छान घुमत होता. फरशीचा उतार सांगितला, गोल कडा सांगितल्या, खोट्या खिडक्या सांगितल्या, त्यावर लोक हसले. सुलतानचं सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही, एकीने नाक पुसलं. या माणसाने घोड्यांवर केलं तसं प्रेम कुणावर केलं असेल, असं तिच्या मनात आलं, आणि उत्तर तिला माहीत होतं.

"आणि वर?" पुढे उभ्या असलेल्या चष्मेवाल्या गृहस्थाने जिन्याकडे बोट केलं. जिन्याला आता दोरी लावलेली होती. "वर काय होतं?"

"गवताचा माळा," अमॉस म्हणाला. "या झरोक्यांतून गवत खाली टाकायचे."

"नंतर?" एनिडने विचारलं. मुद्दाम नाही विचारलं, तोंडातून गेलं. "नंतर वर काय होतं?"

घोळक्यातली माणसं वळून बघायला लागली. अमॉसनेही बघितलं. रुमालाखालचा चेहरा त्याने लगेच ओळखला. न ओळखून जातो कुठे? दाराशी मिस डॅलिमोर उभी होती, हातावर हात घेऊन, कौतुकाने त्याच्याकडे बघत. त्याने एकदा तिकडे पाहिलं, एकदा हातातल्या कार्डाकडे पाहिलं. एनिड थांबली. सगळेच थांबले होते, उत्तर साधं होतं.

"नंतर काही नाही, बाई," अमॉस म्हणाला. "गवतच होतं. कायम."

मग तो पुढच्या ठाणाकडे वळला आणि लोक त्याच्यामागे गेले. एनिड परतीच्या बसच्या थांब्यावर पाऊण तास उभी होती.

तो सहाला घरी आला. तिने ताट वाढलं, उकडलेले बटाटे, कोबी, काल उरलेलं मांस. तो दोन घास जेवला, ती काही बोलेना म्हणून मग स्वतःच बोलला.

"कार्डावर तसंच आहे गं. १७६८चं सांगायचं, मधल्या वर्षांचा विषय काढायचा नाही, लोकांचा गोंधळ होतो म्हणतात. पुन्हा मिस डॅलिमोर तिथेच उभी. मी काय करणार होतो?"

"मी कुठे काय म्हणतेय?" एनिड म्हणाली. "येतं की तुला. मला आपलं उगीच वाटत होतं, जमतच नाही म्हणून."

अमॉसने काटा खाली ठेवला.

"खा," तिने बटाट्यांचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. "गार होतंय."